मशीन मोठं आणि वीट वाटेतच

राखेच्या विटांचा कारखाना काढणाऱ्या नव्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला हमखास मिळतो: "मोठं ऑटोमॅटिक मशीन घ्या, उत्पादन दुप्पट होईल. जागा मोठी घ्या, मांडणीचं नंतर बघू." एकलहरे, कोराडी, चंद्रपूर, जिथे औष्णिक केंद्राची राख मिळते तिथे या भरवशावर कर्ज काढणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

"उत्पादन दुप्पट होईल." मशीनमधून निघालेली वीट लगेच विकता येत नाही. ओली असल्यामुळे ती ज्या फळीवर निघते, तिच्यावरच साधारण एक दिवस बसते. रोज 10,000 विटा आणि फळीवर 10 धरल्या, तर 1,000 फळ्या कायम अडकलेल्या. मशीन 20,000 काढू लागलं की 2,000 फळ्या लागतील, त्या मांडायला तेवढी सपाट जागा लागेल आणि सकाळी त्या वेळेत रिकाम्या करणारे हातही. फळी रिकामी नसेल तर कितीही महागडं मशीन उभंच राहतं. पुढे वीट पक्की व्हायला 14 दिवस पाणी मारायचं म्हटलं, तर यार्डात 1,40,000 ऐवजी 2,80,000 विटा साचतील. त्यांच्या थप्प्या कुठे लावायच्या, हे मशीन विकणारा सांगत नाही.

"जागा मोठी असली की झालं." वीट 3 किलोची धरली तर 10,000 विटा म्हणजे 30 टन. ट्रॉलीत 100 विटा बसल्या तर 100 फेऱ्या. पाणी मारायची जागा मशीनपासून 60 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन रोज 12 किलोमीटर होतात. तीच 20 मीटरवर आणली तर 4. वरचे 8 किलोमीटर मे महिन्याच्या उन्हात कुणाच्या तरी पायांनीच कापले जातात. मोकळं मैदान मिळालं की माल पसरतो आणि वाट लांबते.

"फोर्कलिफ्ट घेऊ." तिला वळायला रुंद, पक्का रस्ता लागतो. तो थप्प्यांच्याच जागेतून निघतो.

"मांडणी नंतर बदलता येते." थप्पी हलवता येते. मशीनचं फाउंडेशन, मिक्सरचा खड्डा, विजेचं पॅनेल, पाणी वाहून जाण्याचा उतार हे हलवायचं तर फोडाफोड आली. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी फक्कीने सगळं जमिनीवर आखा आणि भरलेली ट्रॉली त्या वाटेने ढकलून बघा.

मशीनच खरोखर अपुरं पडत असेल, तर मोठं जरूर घ्यावं. पण आधी आठवडाभर मशीनजवळ एक वही टांगा. मशीन किती मिनिटं थांबलं आणि कशासाठी, फळी नव्हती, माल आला नव्हता की ट्रकने वाट अडवली होती, एवढंच त्यात लिहा.