आधारची झेरॉक्स सोबत आणा

मंडळी, आपलं नाव चोरीला जावं असं वाटत असेल तर फार धडपड लागत नाही. मी नुकताच त्यातून गेलोय, विचारा काय विचारायचं ते.

आधी आधारच्या झेरॉक्स सढळ हातानं वाटा. कासला फुलं बघायला पाहुणे आले, लॉजवाल्याला द्या. आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावर एखादी प्रत काळी आली की दुकानदार ती खालच्या खोक्यात भिरकावतो, तिकडं बघू नका. मागं राजवाड्याच्या चौपाटीवर मला भेळ मिळाली ती कुणा बाईंच्या पॅनकार्डावर. चेहऱ्यावर चिंचेचं पाणी सांडलेलं, नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता.

पहिले आठ आकडे झाकलेलं आधारही मिळतं म्हणे. ते शंकेखोरांनी काढावं.

मग निवांत वाट बघा. मला फोन आला सकाळी 8 वाजता. वसुलीवाल्यांनी 8 च्या आधी फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेवढा त्यांनी काटेकोर पाळला. "मोबाईलचे तीन हप्ते थकलेत." कुठला मोबाईल? 43,000 चा. माझ्या हातात होता साडेसात हजारांचा, काचेला चिकटपट्टी लावलेला.

आता पोलिसांत जा. उपाशीपोटी जाऊ नका.

"किती गेले?"
"गेले नाहीत साहेब, माझ्या नावावर कर्ज काढलंय."
"म्हंजे तुमचं कायच गेलं न्हाई."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! फिर्याद म्हणे कर्ज देणाऱ्या कंपनीनं द्यायची. कंपनी म्हणते, आधी एफआयआर आणा. एफआयआरला कंपनीचं पत्र हवं, पत्राला एफआयआर. त्यात मोबाईल घेतलेला पुण्यात, म्हणून पुण्याला जा. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, असं मी भीतभीत म्हणालो. "वकील हाय का तुमी?" नाही, मी पाटबंधारे खात्यातला रिटायर्ड कारकून. शिवाय असल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो आणि निरीक्षक बंदोबस्ताला गेलेले. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा बंदोबस्तालाच. शेवटी नुसता अर्ज घेतला. सोबत काय जोडायचं? आधारची झेरॉक्स. दोन प्रती! ज्या कागदानं माझं वाटोळं झालं तोच कागद, मी मीच आहे हे पटवायला!

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. खात्यातनं पैसे गेले असतील तर ते वाटेत अडवता येतात. माझे गेलेच नव्हते, तिथंही मी नापास.

क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीवर, हरकत घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. मी दिवस मोजत बसलो. 29 व्या दिवशी उत्तर आलं: कर्ज देणाऱ्यानं माहिती बरोबर असल्याचं कळवलंय. चोरी झाली का, ते ज्यानं फसून पैसे दिले त्यालाच विचारलं!

आणि चोर? त्याला कुणी घाबरवू नका. घरात शिरून पितळी घागर उचलली तर 7 वर्षांपर्यंत कैद, जामीन कोर्टाच्या मर्जीवर. माणसाची अख्खी ओळख उचलली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी, फार तर 3 वर्षं आणि 1 लाखापर्यंत दंड, वर जामीन हक्काचा. तुम्हाला नुकसानभरपाई हवी? मग राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडं दाद मागा, मंत्रालयात. साताऱ्याहून एसटीनं जावा.

बास आता. माझ्यानं हसत लिहवत नाही.

अहो कंपनीवाले, 43,000 रुपये देताना माणूस तरी बघितलात का? चार महिने भांडून कर्जाचे कागद मिळवले. त्यात कर्जदाराचा सेल्फी आहे. पंचविशीतला पोरगा, दाट दाढी, कानात बाळी. शेजारी माझी जन्मतारीख, 1961. आणि या कागदावर तुम्ही मला रोज सकाळी चोर ठरवता? हवालदारसाहेब, चौकशी करायला पुण्याला जायला नको, बंदोबस्त संपायला नको. तो फोटो तुमच्याकडं दिलेल्या अर्जाला पान नंबर 4 वर टाचलाय. एकदा उघडून बघा की!