'बरं झालं' हे ज्याचं त्यानं म्हणावं

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. घट मांडून झाला होता, फळं आणायची राहिली होती म्हणून मी ह्यांना हाक मारली. हे पलंगावरून उठायला गेले आणि तसेच कलंडले. तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात लुळा. वय 43.

घरात चार माणसं जमली आणि चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. कुणी म्हणालं पित्त चढलंय, झोपू द्या. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलंय, अमक्या गावाला औषध देतात तिकडं न्या. या घोळात दुपार गेली. हा पक्षाघात आहे आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला दवाखान्यात कळलं, तेव्हा सहा तास होऊन गेले होते. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. म्हणून आधी हेच सांगते. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली तर लगेच 108 ला फोन करा, किती वाजता झालं ते लक्षात ठेवा आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच न्या. बाकी सगळं नंतर.

जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली. डोक्यात सगळं शाबूत होतं, कोण आलं, काय बोललं, दुधाचे किती द्यायचे, सगळं कळत होतं. फक्त शब्द सापडत नव्हता. तहान लागली की ओठ हलायचे, कपाळावर शीर ताठ व्हायची, आणि मग मान फिरवून भिंतीकडं बघत राहायचे. पाण्याचा तांब्या हातभरावर असायचा.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. देव परीक्षा बघतो. मागच्या जन्मीचं देणं असेल. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. मी चहा करत होते आणि ऐकत होते. त्या वर्षी राहिलेले गुरुवार मी केले नाहीत. पोथी फडक्यात बांधून कपाटात टाकली.

एका बाईंनी मला तुकोबांचा दाखला दिला. दिवाळं निघालं, दुष्काळानं पीडा केली ते बरंच झालं, असं ते देवाला म्हणतात ना, मग तूही तसं मान. मला ते फार लागलं. पण तुकोबा मनातून जाईनात. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. महाजनकीचं घर, चालता व्यापार, सगळं बसलं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली असं सांगतात. एवढं सोसून तो माणूस स्वतःच्या दुःखाला 'बरं झालं' म्हणाला. तो हक्क त्याचा होता. दुसऱ्याच्या पलंगाशी उभं राहून ते म्हणायचा हक्क मात्र कुणालाच नाही, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः अजून तसं म्हणू शकत नाही. कधी म्हणेन का, ठाऊक नाही.

आमचे मामा, म्हणजे सासरे, जुने वारकरी. दिवा लागला की हरिपाठ, त्यात कधी खंड नाही. त्या काळात मला त्या टाळांचा रागच यायचा. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मी पीठ मळत होते. मामांनी पहिलाच अभंग धरला आणि आतल्या खोलीतून दुसरा आवाज आला. घोगरा, पण सुरात. शब्द न् शब्द स्पष्ट. मामांच्या हातातले टाळ थांबले, हे मात्र म्हणतच राहिले. चौथ्या चरणाला अडकले, मामांनी उचलून दिलं, परत चालू. मी पिठाच्या हातानं दारात उभी होते. कणकेचा हात डोळ्याला लावू नये एवढंही सुचलं नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडमना सांगितलं तर त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूची डावी बाजू बघते, ह्यांची तीच दुखावलीय. पण चाल आणि पाठांतर यांत उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. लहानपणापासून कानावर पडलेलं म्हणूनच गाता येतं. मग त्यांनी रोजची वाक्यं चालीवर म्हणायला लावली, डाव्या हातानं ठेका धरून. 'पाणी द्या' हे पहिलं वाक्य आमच्या घरात हरिपाठाच्या चालीवर म्हटलं गेलं, पलंगाच्या फळीवर बोटं आपटत.

कुणी चमत्कार म्हणतं, कुणी शास्त्र म्हणतं. मला दोन्ही मान्य आहे. बापानं पोराच्या कानावर रोज संध्याकाळी जे घातलं, ते इतक्या वर्षांनी असं उपयोगाला आलं. माझी श्रद्धा तिथून सुरू झाली. नवस बोललेली मी नाही. उजवा हात अजून वळत नाही, शेत वाट्यानं दिलंय, मी ब्लाउज शिवते, गाडी चालवायला शिकले, बँकेत एकटी जाते. आणि पूर्वी मी समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायची, ती आता गप्प बसून मनात वीसपर्यंत मोजते. बारा-तेराला ह्यांचा शब्द येतो. नाही आला तर पुन्हा एकपासून.

सहज येणारा शब्द एकच आहे, 'माऊली'. मुलाला माऊली, डॉक्टरांना माऊली, दूधवाल्याला माऊली, रागावले तरी माऊली. बाजारात लोक हसतात, मग हे घरी येऊन बोलायचंच सोडतात.

यंदा पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली तेव्हा ह्यांना रिक्षानं दर्शनाला नेलं. रांगेच्या कडेला काठी टेकून उभे होते. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी जवळून जाताना म्हणाली, "माऊली, जरा सरका." हे सरकले आणि म्हणाले, "माऊली." मागून एकजण म्हणाला, "माऊली, बसा इथं, पाय दुखतील." हे म्हणाले, "माऊली." कुणी वळून बघितलं नाही, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. तासभर हे सगळ्यांशी बोलत होते.