खुलासा : एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी असलेल्या गरोदर मातांविषयीचा संदेश

गरोदरपणात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी एकत्र आढळल्यास बाळाला लागण होणारच, म्हणून गोळ्या बंद कराव्यात, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. समुपदेशक म्हणून मी मातांच्या हाती रोज देते त्या एकाच गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असते. पहिली दोन औषधे दोन्ही विषाणूंना आवर घालतात आणि ती अचानक थांबवल्यास यकृताची सूज बळावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार उपचारांविना १५ ते ४५ टक्के असलेला बाळाला एचआयव्ही होण्याचा धोका उपचारांनी ५ टक्क्यांखाली येतो. हिपॅटायटिससाठी जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसरीत, शक्यतो १२ तासांत, इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे) टोचतात. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.