'कापसाच्या वावरात बसून' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, झोप नाही आली, सकाळी दूध घालून आल्याबरोबर लिहायला बसलो. माझ्या पोस्टमधे अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातले फ्रंट, म्हणजे दोन वेगळ्या पाण्यांमधल्या सीमा, दक्षिणेला सरकले असं लिहिलं होतं. त्यातलं समुद्राच्या पातळीचं सॅटेलाइटचं मोजमाप १९९० नाही, १९९२ पासूनचं आहे म्हणता. चुकलं, दुरुस्त केलं. पण ते "कापसाच्या वावरात बसून अंटार्क्टिकाच्या समुद्राच्या गप्पा मारू नयेत" कशाला लिहिलं?

आमच्या तालुक्याच्या नावातच दर्या आहे सर, दर्यापूर. हसा खुशाल. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जन्मलेल्याला दोन पाणी वेगळे कसे राहतात हे शिकवावं लागत नाही. बाबांनी दोनदा बोअर मारली, जितकं खोल गेले तितकं जास्त खारं, त्या पाण्यानं ओलीत केलं तर जमीन चोपण होते. मामाचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथं विहीर गोड. मधे कुठंतरी सीमा आहे, डोळ्याला दिसत नाही, आईला तुरीची डाळ शिजते का नाही त्यावरून कळते. फ्रंट म्हणजे दुसरं काय? ध्रुवीय फ्रंटपाशी अंटार्क्टिकाचं थंड, कमी खारं पाणी उत्तरेकडच्या पाण्याखाली बुडी मारतं, थोड्याच अंतरात तापमान बदलतं. (सीमा दरसाल सरकते का हे आईनं मोजलं नाही, ते वेगळं.)

अन् समुद्र पाह्यला का म्हणाल तर नाई पाह्यला. जवळपास चार हजार आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप बुडी मारून वर येणारी यंत्रं, दर दहा दिवसांनी २००० मीटरपासून वरपर्यंतचं तापमान अन् खारेपणा मोजतात, तो डेटा फुकट आहे, गोव्याच्या शास्त्रज्ञाला मिळतो तसा मलाही मिळतो, रेंज आली की.

राहिलं तुमचं समुद्राच्या उंचीचं. सॅटेलाइटनं मोजलेल्या पातळीवरून फ्रंट कुठं आहे ते काढतात. पाणी तापून फुगलं की पातळी वाढते, मग फ्रंट जागेवर असला तरी नकाशात दक्षिणेला सरकलेला दिसतो, असं तुम्ही म्हणता. माहीत आहे मला. १९९२ ते २००७ मधे फ्रंट ६० किलोमीटर सरकले हा आकडा २००९ च्या पेपरातला, नंतर काहींनी वेगळ्या रीतीनं शोधलं तर तशी सरक सापडली नाही. पोस्ट लांबली असती म्हणून नाही लिहिलं. पण सांगायची काही पद्धत असते ना बाप्पा!

तळाचं अंटार्क्टिक पाणी १९८० च्या दशकापासून तापतंय अन् त्याचा थर आकसतोय, अर्धी पोस्ट त्यावर होती, त्यावर तुमचा एक शब्द नाही.

दिवाळीत या इकडं. दोन गावचं पाणी दोन गिलासात ठेवतो, कोणतं कुठलं ते सांगा.