कीवर्ड टॅगबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

कोल्हापुरातल्या चप्पल लाईन आणि गुजरी या बाजारांतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: वेबसाइटच्या कीवर्ड मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) ‘कोल्हापुरी चप्पल’ पन्नास वेळा घाला, गूगलवर पहिला नंबर पक्का. हे खरं नाही. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय. या कामाचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वेबसाइट गूगलवर दिसतच नसेल तर आधी सर्च कन्सोल हे गूगलचं साइट तपासायचं साधन उघडा, ते फुकट आहे. तिथे आपल्या पानाचा पत्ता टाकून तपासा. साइट बनवताना लावलेला ‘नोइंडेक्स’ टॅग, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी गूगलला दिलेली सूचना, काढायचा राहिला असेल तर लगेच कळतं. तो असेपर्यंत बाकीची मेहनत पाण्यात. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.