ग्लासभर दूध आणि भिजलेली पॅन्ट

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची द्राक्षवेलींची छाटणी, आली की आमच्या निफाडकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरला: ‘फवारणीआधी गूळ खा, नंतर ग्लासभर दूध प्या, विष उतरतं. तोंडाला रुमाल बांधला की पुरे. सवय झालेल्याला औषध बाधत नाही. आपला माल युरोपात पास होतो, म्हणजे औषधं सौम्यच.’ खाली अंगठ्यांची रांग.

आधी दूध. दूध जातं पोटात. फवारणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून, काही श्वासातून. मांडवाखाली गन वर धरून फवारताना काय होतं ते आठवा. पानांवरून निथळलेलं मानेवर, मानेवरून पाठीवर, तिथून कमरेत. पॅन्ट भिजते आणि दुपारच्या भाकरीपर्यंत तशीच अंगावर वाळते. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या जुन्या चाचण्यांत हाताच्या कातडीतून सुमारे ९ टक्के औषध शरीरात गेलं होतं, अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, ते काही औषध प्यायले नव्हते. आणि चक्कर येऊन पडलेल्याच्या तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जायचं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या बाधेवर अ‍ॅट्रोपिन लागतं, ते दवाखान्यात मिळतं. जाताना औषधाचा डबा सोबत घ्या, उतारा काय द्यायचा ते लेबलवर छापलेलं असतं.

रुमालाचं थोडक्यात. तो पाच मिनिटांत ओला होतो आणि मग औषध नाकाशीच धरून ठेवतो.

‘सवय झाली’ हे मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण गडी उलटाच हिशेब मांडून बसतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. ते भरून यायला आठवडे लागतात, कधी महिने. सोमवारी थोडं गेलं, गुरुवारी थोडं, ढगाळ हवा म्हणून शनिवारी पुन्हा, की तळ खरवडला जातो. मग एरवी जाणवलाही नसता एवढा फवारा दहाव्या दिवशी माणसाला आडवा करतो: दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचे स्नायू आपोआप फुरफुरतात. आपण म्हणतो, ऊन लागलं.

आता युरोप. तिकडे तपासतात तो घड. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस सोडलेले असतात, तेवढ्यात औषधाचा अंश उतरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी आपला माल अडकला, तेव्हापासून आपण या दिवसांचा हिशेब जिवापाड सांभाळतो. पण फवारणारा उभा असतो टाकीतल्या ताज्या द्रावणात. त्याच्या रक्ताचा नमुना कोण घेतं? पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुराचा तर नाहीच. (चोंदलेली नोझल तोंडाने फुंकणारे आमच्याकडे आजही आहेत. मीही फुंकलेली आहे.)

मेसेजखाली एकाने भर घातली: ‘संध्याकाळी थोडी घेतली की सगळं जळून जातं.’ छाटलेल्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून तिला जी पेस्ट लावतो त्या हायड्रोजन सायनामाइडच्या दिवसांत तर हे अजिबात करू नका. ते शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. आदल्या दिवशीही नको आणि नंतरचे काही दिवसही नको.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर आमच्या अण्णांचा फोन आला. म्हणाले, “मग काय रे, दूध प्यायचंच नाही का?”

प्या की अण्णा. आधी कपडे बदला, ते घरच्या धुण्यात टाकू नका, साबण लावून अंघोळ करा. मग तांब्याभर प्या.