‘प्रीपोन’बद्दल माझी चूक झाली

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी मध्यंतरी इंग्रजीबद्दल ‘बोलताना या चुका टाळा’ असा मेसेज टाकला होता. तो आता ठाण्यातल्या माझ्या मावशीकडून मलाच परत आलाय. त्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिली: ‘प्रीपोन (म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा शब्द डिक्शनरीत नाही.’ आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोन्हींच्या ऑनलाइन शब्दकोशांत मी स्वतः उघडून पाहिला. तिथे तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून दिला आहे. म्हणजे वाशीच्या ऑफिसात ‘मीटिंग प्रीपोन झाली’ बिनधास्त म्हणा. लंडनच्या माणसाला कदाचित कळणार नाही, म्हणून त्याच्याशी ‘कॅन वी मूव्ह इट अप?’पेक्षा ‘कॅन वी मीट अर्लियर?’ बरं. कारण ‘मूव्ह अप’ ऐकून काहींचा गोंधळ होतो.

दुसरी: ‘हाउ आर यू?’ला ‘आय ॲम गुड’ म्हणणं चूक. हे मी शाळेत शिकले होते, तसंच पुढे ढकललं. ‘गुड’ इथे विशेषण आहे, व्याकरणात काही बिघडत नाही. रोजच्या बोलण्यात ते सर्रास चालतं. ‘फाइन’ही चालतं.

एक मुद्दा मात्र बरोबर होता. रात्री नऊला कोणी भेटलं तरी ‘गुड इव्हनिंग’च, ‘गुड नाइट’ निरोप घेताना.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा. मावशीला मी फोन केलाय.